ओपन आणि क्लोजच्या मधले तीन तास

आधी नाकाला कळेल. सुक्या मिरचीचा ठसका नाकातून थेट डोळ्यांत चढेल, तुम्ही दोनदा शिंकाल, आणि डोळे पुसून बघाल तर लालबागच्या नाक्यावर उभे असाल. साल विचारू नका. १९७० नंतरची चार-दोन वर्षं धरा, एवढं पुरे. वैशाखातली संध्याकाळ आहे. दिवसभर तापलेलं डांबर चपलेतून चटके देतंय. मसाला कांडतात तिथं थांबू नका, पुढं सरका. चिवड्याच्या दुकानापाशी तळणाचा वास मिरचीला मागं टाकतो. गर्दीत खांद्याला खांदे लागताहेत, आणि ज्यांचे लागताहेत त्यांच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापसाचे पांढरे तंतू आहेत. अंघोळ करूनही न गेलेले. सकाळी सातला गिरणीत शिरलेली ही माणसं साडेतीनला सुटली आणि आता भारतमाता सिनेमाच्या पोस्टरखाली, पानवाल्यापाशी, इराण्याच्या दारात उभी आहेत. सगळी मोठ्यानं बोलताहेत. साचेखात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात. आठ तास त्या आवाजात काढल्यावर माणसाला हळू बोलायचं सुचत नाही.

तुमची राहायची सोय एका गाळ्यात आहे. एका गावचे पंधरा गडी, एक खोली, भिंतीला खुंट्या, खुंट्यांना सदरे, सदऱ्यांखाली पत्र्याच्या ट्रंका आणि ट्रंकांवर वळकट्या. रात्री सगळ्यांना एकदम आडवं होता येत नाही, पण तशी वेळही येत नाही. तिन्ही पाळ्यांची माणसं असल्यानं कुणी ना कुणी कामावर असतंच. तुमच्या वळकटीशेजारी ज्यांची वळकटी आहे त्यांना सगळे तात्या म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. पन्नाशीचे, बारीक, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. ते तुम्हाला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतील आणि म्हणतील, “पाव्हणं, जेवला नसशीला. चला.”

खानावळ म्हणजे मावशींचं घरच. पहिल्या मजल्यावर, दारात स्टोव्हची भर्रर्र, आत पाटावर बसलेल्या माणसांची रांग. सुकटीचं कालवण, जाड तांदळाचा भात, भाकरी, कांदा फोडून. घाम कपाळावरून थेट ताटात पडेल इतकं उकडतंय. तात्यांचं जेवण झाल्यावर मावशी काय करतात ते मात्र नीट बघा. देवाच्या फोटोमागून निळ्या रेघांची वही काढतात, तात्यांच्या नावाचं पान उघडतात आणि पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढतात. पान रेघांनी भरलंय. मागचंही भरलंय. “पगाराला देतो,” तात्या म्हणतात. मावशी काही बोलत नाहीत. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून वही मिटतात. तुमच्या लक्षात येतं की इतर पानांवर रेघांवरून आडवी काट मारलेली आहे, हिशेब चुकता झाल्याची. तात्यांच्या पानावर ती नाही.

आता खाली या. जिन्याखाली, दिव्याचा उजेड पोचत नाही तिथं, एक पोरगा लाकडी पेटीवर बसलाय. कानावर पेन्सिल, हातात कागदाची चळत. त्याच्याभोवती आठ-दहा जण, आणि सगळे आकड्यांत बोलताहेत. “तीनचा ओपन, दोन रुपये.” “सहा-एकची जोडी, आठ आणे.” “पाच क्लोज.” पोरगा मान वर न करता लिहितो, कागद फाडतो, देतो.

हाच तो मटका. गंमत म्हणजे याचं मूळ कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचा, त्यावर इथले लोक पैजा लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१च्या सुमाराला ते भाव यायचे थांबले. पैजा कशा थांबणार? कल्याणजी भगतनं वरळीत मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, मग रतन खत्री आला, चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो निकाल. रात्री नवाला ओपन, बाराला क्लोज. मडकं गेलं, नाव राहिलं. दिवसभर कापूस कातायचा आणि रात्री कापसाच्याच भावाच्या भुतावर पैसे लावायचे, असं हे गिरणगाव.

तुम्हीही लावा. घाबरू नका, एक रुपयाच लावायचा आहे. नुसता एक आकडा लागला तर रुपयाला नऊ मिळतात, ओपन-क्लोजची जोडी जुळली तर नव्वदच्या आसपास. दहा आकड्यांत नऊ, शंभर जोड्यांत नव्वद. हिशेब तुम्हाला लगेच कळला, आणि तात्यांनाही तो कळतो. त्यांना अडाणी समजू नका. महिन्याला गावी किती मनीऑर्डर करायची, किती वार कापडाला किती मजुरी, हे ते बोटांवर करतात, अर्ध्या बोटासकट.

तुम्ही जोडी सांगता: चार-सात. का? गाळ्याच्या दारावर ४७ रंगवलंय म्हणून. तात्या मान डोलावतात. “सोताच्या मनातला हाय. चांगलं.” पोरगा चिठ्ठी देतो, दोन बोटं रुंद. ती मुठीत धरा. हे लक्षात ठेवा की आकडा तुम्ही निवडलाय, कुणी दिलेला नाही. याचं काम पुढं पडणार आहे.

नऊ वाजले. रस्त्याचा आवाज एकदम खाली येतो. पानवाल्याचा हात विड्यावर थांबतो. कुठल्याशा दुकानात फोन वाजतो, मग कुणीतरी धावत येतं, चप्पल फटफटत, आणि धावतानाच ओरडतं, “दोन-पाच-सात! चार! चारचा ओपन!”

चार.

पोटात खड्डा पडला ना? कानशिलं गरम झाली. तळहात एवढा ओला झाला की मुठीतली चिठ्ठी चिकटली. तात्यांनी तुमच्या दंडाला धरलंय, आणि भोवतालची अनोळखी माणसं तुमच्याकडं असं बघताहेत की जणू तुमच्या घरी मुलगा झालाय. अजून काहीच मिळालेलं नाही. एक पैसाही नाही. क्लोजला सात आला तरच, आणि तो दहातून एकदा येणार. तरीही छाती धडधडतेय. तुमच्या आत हे नेमकं काय सुरू झालंय? बाराला अजून तीन तास आहेत. चिठ्ठी सोडू नका, दुसरा हात माझ्या हातात द्या.

थंडी! एकदम बोचरी. कॅनडातलं माँट्रिअल, १९५३चा हिवाळा तोंडावर आलाय, रविवार. मॅकगिल विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातल्या खोलीत गरम पाण्याचे पाइप खडखडताहेत, लाकडाच्या भुश्श्याचा आणि उंदरांच्या मुताचा वास येतोय. जेम्स ओल्ड्स हा हार्वर्डहून आलेला उत्साही तरुण आहे. त्याचा जोडीदार पीटर मिल्नर मूळचा विजेचा इंजिनिअर, इंग्रज. टेबलावर चौकोनी कठडा केलाय, त्यात एक पांढरा उंदीर. त्याच्या डोक्यावर इवलीशी खुंटी बसवलीय आणि खुंटीतून बारीक तार वर लोंबतेय. उंदीर एका विशिष्ट कोपऱ्यात गेला की ओल्ड्स बटण दाबून त्याच्या मेंदूत क्षणभर वीज सोडतो. धक्का बसल्यावर त्यानं तो कोपरा टाळायला हवा.

तो टाळत नाही. वाकून बघा. तो थोडा दूर जातो, मिशा हलवतो, वळतो आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात येतो. पुन्हा. ओल्ड्स आता बटण दुसऱ्या कोपऱ्यासाठी दाबायला लागला, उंदीर तिकडं. बोलाविल्यासारखा. तार मुळात दुसऱ्याच जागी बसायची होती, ती चुकून भलतीकडं गेली होती, हे नंतर कळेल. चुकलेल्या तारेनं विज्ञानाचं एवढं मोठं दार उघडल्याची उदाहरणं थोडी आहेत.

मग त्यांनी उंदरांना पेटीत ठेवलं आणि बटण दाबायचं काम उंदरांकडंच दिलं. दांडी दाबली की वीज. आवाज ऐका: टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌. एकेक उंदीर तासाला दोन-दोन हजार वेळा दाबतोय. काहींनी तर तासाला पाच हजारांपर्यंत मजल मारली, चोवीस तास, अंग टाकेपर्यंत. भुकेला उंदीर खाण्याकडं जाताना वाटेत त्याला ही वीज दिली तर तो वाटेतच थांबतो, खाण्यापर्यंत जातच नाही. ओल्ड्स आणि मिल्नर यांनी १९५४मध्ये हे छापलं आणि जगभर बोलबाला झाला की मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं.

पण तुम्ही आत्ताच लालबागहून आलाय, ओली मूठ घेऊन. तुम्ही उंदराच्या तोंडाकडं बघा आणि सांगा, हा सुखात दिसतोय का? पोट भरलेलं मांजर जसं डोळे मिटून घेतं तसं याच्या चेहऱ्यावर काही आहे? सुख मिळालं असतं तर हा थांबला असता. मला तरी तो जिन्याखाली पेटीभोवती उभा असलेल्यांपैकी एक वाटतो.

वाटेत मिशिगनला दोन मिनिटं थांबू, १९८०च्या दशकाच्या शेवटाला. केंट बेरिज नावाचा शास्त्रज्ञ वेगळ्याच उंदरांपाशी बसलाय. यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन औषधानं जवळजवळ संपवलंय. समोर खाणं आहे, पाणी आहे. उंदीर हलत नाही. नळीनं भरवलं नाही तर असाच मरेल. सगळ्यांची समजूत अशी होती की याला सुखच होत नाही म्हणून हा खात नाही. बेरिज त्याच्या तोंडात साखरपाण्याचा थेंब सोडतो. आणि उंदीर ओठ चाटतो! तान्ह्या बाळाला मधाचं बोट चाटवल्यावर ते जसं जीभ काढून चाटतं, अगदी तसं. गोड त्याला गोडच लागतंय. त्याला ते फक्त हवंसं वाटत नाही.

‘आवडतं’ आणि ‘हवंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेंदूत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. आपल्या बोलण्यात हे दोन शब्द पहिल्यापासून निराळे आहेत, पण आपण ते सहज एकमेकांच्या जागी वापरतो. डोपामिन ‘हवंय’च्या बाजूचं. माँट्रिअलच्या त्या उंदराला प्रत्येक टकसरशी ‘हवंय’ मिळत होतं, ‘मिळालं’ कधीच नाही.

लालबागेत आता साडेदहा झाले असतील. शेवटचा आणि महत्त्वाचा थांबा बाकी आहे.

स्वित्झर्लंडमधलं फ्रिबूर. दरीवर वसलेलं जुनं गाव, खाली सारीन नदी, बरेचसे लोक फ्रेंच बोलतात तर काही जर्मन. स्टेशनाजवळच्या बिअरच्या कारखान्यातून भिजल्या जवासारखा वास येतोय. १९८०चं दशक. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत अंधार आहे, एका पडद्यावर हिरवी रेघ पळतेय. एक माकड खास खुर्चीत बसलंय. त्याच्या मेंदूत केसाहून बारीक तार आहे आणि ती एकाच मज्जापेशीचं बोलणं ऐकतेय. ते बोलणं मोठं करून स्पीकरला जोडलंय. ऐका. टक्‌… टक्‌, टक्‌… टक्‌. सेकंदाला तीन-चार, सावकाश, नळ थोडा गळका असावा तसं. ही डोपामिन बनवणारी पेशी आहे.

शुल्ट्झ इथं आले ते कंपवाताच्या शोधात. त्या आजारात डोपामिनच्या पेशी मरतात आणि माणसाला हात उचलणंही जड जातं. म्हणजे हालचाल केली की या पेशी बोलत असणार, असा सरळ अंदाज होता. माकडासमोर एक बंद पेटी आहे, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. ते हात आत घालतं. स्पीकरवर काही फरक नाही. टक्‌… टक्‌. बोटं आत चाचपडताहेत. नुसती तार हाताला लागली, काही नाही. माकड हात काढतं, थोड्या वेळानं पुन्हा घालतं. या वेळी तारेला सफरचंदाचा तुकडा लावलेला आहे. बोटांचा त्याला स्पर्श होतो आणि —

तर्रर्र! तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज. तुम्ही दचकलात. हात तोच, हालचाल तीच. फरक एवढाच की अंधारात चाचपडताना काहीतरी हाताला लागलं. ज्याची खात्री नव्हती ते.

इथून पुढं जे झालं त्यासाठी मी तुम्हाला एवढ्या लांब आणलं. सफरचंदाऐवजी आता फळांच्या रसाचा थेंब आहे आणि रसाआधी समोर एक खूण दिसते. सुरुवातीला पेशी रसाला फुटते: तर्रर्र. काही दिवसांनी माकडाला कळतं की खूण दिसली म्हणजे रस येणार. आता ऐका. खूण दिसते — तर्रर्र! रस येतो — टक्‌… टक्‌. काही नाही! रस तोच, तेवढाच, माकड तो पितंयही. पण पेशीला त्याचं अप्रूप उरलेलं नाही. ती बक्षिसाला बोलतच नव्हती. बक्षीस अपेक्षेपेक्षा जास्त निघालं तर ती बोलते.

आणि आता खूण दाखवतात, पण रस देत नाहीत. खूण: तर्रर्र. मग टक्‌… टक्‌… रस ज्या क्षणाला यायचा तो क्षण येतो आणि स्पीकर गप्प होतो. बरोब्बर त्याच क्षणी. दिव्याची वात एकदम बारीक करावी तसा तो शांततेचा छोटा तुकडा. खोलीतली माणसं श्वास धरून ऐकताहेत. ही निराशा आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला ती ओळखीची आहे, पण ती अशी कानानं ऐकायला मिळेल असं कुणाला वाटलं होतं? १९९७मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटॅग्यू यांनी मांडलं की या पेशी अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांची वजाबाकी करताहेत, आणि त्या वजाबाकीतूनच मेंदू शिकतो. मूल चालायला शिकतं, आपण भाकरी थापायला शिकतो, सारं या वजाबाकीवर. शून्य आलं की शिकणं पुरं झालं, पेशी शांत.

आता जुगाराचा विचार करा. जिथं पुढं काय येणार हे शिकताच येत नाही तिथं ही वजाबाकी शून्यावर कशी यायची? शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं तेही तपासलं; ते २००३मध्ये प्रसिद्ध झालं. माकडाला एक अशी खूण दाखवली की जिच्यानंतर रस निम्म्या वेळा येतो, निम्म्या वेळा नाही. खूण आणि निकाल यांच्यामध्ये दोनेक सेकंद. त्या दोन सेकंदांत पेशीचं बोलणं हळूहळू चढत जातं. रस नक्की येणार असेल तर ते चढत नाही. नक्की येणार नसेल तरीही नाही. येईल-न-येईल असं अधांतरी असेल तेव्हाच. माकडासाठी तो काळ दोन सेकंदांचा होता. लालबागेनं तो नऊ ते बारापर्यंत ताणला, असं मला वाटतं. ओपन आणि क्लोज वेगळे ठेवणाऱ्या माणसाला मेंदूचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण माणसं ठाऊक होती.

इथून निघण्याआधी कंपवाताचं एक राहिलं. त्या रोग्यांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं देतात. २००० नंतर डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेली काही म्हातारी माणसं ही औषधं सुरू झाल्यावर जुगाराच्या अड्ड्यांवर जाऊन बसताहेत, घरं गहाण टाकताहेत. औषध कमी केलं, बदललं, की अनेकांची ती ओढ ओसरायची. सात्त्विक, काटकसरी माणसं. ज्यांना कुणी लोभी म्हटलं नसतं. तात्यांना मात्र सगळी चाळ म्हणते, आणि गावाकडं त्यांचा भाऊही. ते ऐकलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं.

परत चला, बारा वाजत आलेत.

उकाडा जसाच्या तसा आहे. गाळ्यांपुढच्या लांब गॅलरीत माणसं उघड्या अंगानं बसलीत, हातात पुठ्ठ्याचे पंखे. शेजारच्या चाळीत भजन रंगलंय, मृदंग आणि टाळ. कुणी झोपलेलं नाही. खाली रस्त्यावर तात्या उभे आहेत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. त्यांच्याशेजारी विशी-बाविशीचा एक बदली कामगार आहे. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर माघारी. आज आहे, उद्या नाही, परवा कुणास ठाऊक. त्याच्या पोटापाण्याची खूणही निम्मी-निम्मीच आहे. त्याला मटका शिकवावा लागला नाही.

भोंगा! अंगातून आरपार जाणारा, लांब. दुसरी पाळी सुटली. फाटकं उघडली, माणसांचा लोंढा रस्त्यावर आला, तेलाचा, घामाचा, भिजल्या सुताचा वास घेऊन, आणि त्या लोंढ्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे. घरी मूल आजारी असेल, भाकरी गार झाली असेल, पण आधी एकच: “क्लोज काय? क्लोज काय?”

मूठ आवळा. फोन वाजला. चप्पल फटफटतेय.

“चार-सहा-आठ! आठ! आठचा क्लोज!”

अट्ठेचाळीस.

तुमची होती सत्तेचाळीस. तो शांततेचा तुकडा ऐकू आला? मला आला. रस्ता सगळा तसाच गोंगाटात आहे, पण तुमच्या आत क्षणभर स्पीकर गप्प झाला. आता तात्यांकडं वळा. त्यांना दुःख झालेलं दिसेल अशी तुमची कल्पना असेल. त्यांचे डोळे लकाकताहेत! “बगितलं का पाव्हणं? एकानं! एकानं हुकला!” ते तुमची पाठ थोपटतात. “तुमचा हात चांगला हाय. आला व्हता, दारापातूर आला व्हता.”

आला नव्हता. सात आणि आठ हे शेजारी असतात ते मोजताना. पत्त्यांच्या बेरजेत सातच्या जागी आठ येणं आणि शून्य येणं सारखंच आहे. हे तुम्हाला माहीत आहे. तरी ‘एकानं’ हा शब्द ऐकून आत काहीतरी पुन्हा टकटकायला लागलंय. त्याची साक्षही काढता येते. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क यांनी माणसांना मेंदूची छायाचित्रं काढणाऱ्या यंत्रात आडवं केलं, धडधड आवाज करणाऱ्या त्या बोगद्यात, आणि डोळ्यांसमोर चित्रांच्या दोन पट्ट्यांचा जुगार ठेवला. दोन्ही चित्रं जुळली तर पैसे. एक घर अलीकडं किंवा पलीकडं थांबलं तर काही नाही. २००९मध्ये त्यांनी मांडलं की थोडक्यात हुकतं तेव्हा, जिंकल्यावर मेंदूचे जे भाग पेटतात त्यांतलेच काही पेटतात. लोकांना तसं हुकणं सपशेल हरण्यापेक्षा जास्त झोंबायचं आणि तरीही पुढचा डाव खेळावासा जास्त वाटायचा. पण केव्हा? चित्र त्यांनी स्वतः निवडलेलं असेल तेव्हा. यंत्रानं निवडून दिलेलं असेल तर नाही.

चार-सात तुम्ही निवडली होती. सोताच्या मनातली.

नेमबाजी शिकताना बाण थोडक्यात हुकला तर ते खरोखरच चांगलं लक्षण असतं. हात बसत चाललाय असा त्याचा अर्थ. विटी-दांडूत, विहिरीत सूर मारताना, मागाचा तुटलेला धागा चुटकीत सांधताना ‘थोडक्यात हुकलं’ हेच शिकण्याचं खतपाणी. तात्यांना तो धागा इतक्या चटकन सांधता येतो की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नव्या पोरांना त्यांच्याशेजारी उभं करतो. तीच बुद्धी, तीच चिकाटी रोज रात्री बाराला पत्त्यांच्या बेरजेला लावली जाते, आणि तिथं शिकण्यासारखं काहीही नाही.

गर्दी पांगली. तिसरी पाळी आत गेली, फाटक लागलं. मावशींच्या खिडकीत उजेड नाही. पहाटे चारला उठून त्यांना स्टोव्ह पेटवायचा आहे. जिना चढताना तात्या एकटेच पुटपुटताहेत, चार-आठ, चार-आठ, काल दोन-नऊ, परवा सहा-चार. गाळ्यात पाऊल टाकायला जागा शोधावी लागते. वळकटी पसरा. शेजारी तात्या कुशीवर वळले, त्यांचे उघडे डोळे रस्त्यावरच्या दिव्यात चमकताहेत. पाठीखालची फरशी गरम आहे.

तुमची मूठ अजून मिटलेलीच आहे. उघडा. चिठ्ठी घामानं भिजून मऊ पडलीय, चारचा काना आणि सातची शेपटी एकमेकांत पसरलीय. फेकून द्यायच्या आधी ती उलटी करा. मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, घाईघाईत, भिंतीला टेकवून लिहावं तसं. पोरानं कानावरची पेन्सिल कुणाला तरी दिली होती, ते आता अंधुकसं आठवतंय.

पाच-सात. अक्षर तुमचंच आहे.